दादाचं दार सोडून

दादाने गाडीचं ते मागचं दार कशाने रंगवलं होतं, अ‍ॅक्रिलिक इनॅमलने की युरेथेनने? धाकट्याने हा प्रश्न घरात विचारला, गॅरेजात विचारला, रंगाच्या दुकानात तर दोनदा विचारला. उत्तर कुणाकडेच नव्हतं. ज्याच्याकडे होतं तो गेल्या महिन्यात, एवढं एकच दार हिरवं करून, झोपेतच गेला. रिकामे डबे बाबांनी घर आवरताना भंगारात दिले.

बाकीची गाडी घासून पांढरट झालेली. त्या हिरव्या दाराचा आतला खटका तुटलेला, काच अडकलेली. ते बाहेरूनच उघडायचं. वहिनी सोमवारी नव्या नोकरीवर हजर होणार होती आणि ‘तोवर तुझी गाडी हिरवीगार करून देतो’ हा दादाचा शब्द होता. तो धाकट्याने अंगावर घेतला. (शाळेत त्याने अंगावर फक्त मास्तरांनी फेकलेले खडू घेतले होते.)

दुकानदार म्हणाला, इनॅमल सोपं, मारा आणि विसरा, फक्त वाळायला दिवस घेतं. गॅरेजवाला म्हणाला, इनॅमल कुंपणाला मारतात, युरेथेन घ्या. हार्डनर मिसळलं की दगड होतं. आणि दादाच्या दाराशी जुळवायचंच असेल, तर थिनरचा बोळा त्यावर घासा. रंग बोळ्याला आला तर इनॅमल, नाही आला तर युरेथेन.

धाकटा बोळा घेऊन दारासमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने स्वतःची नखं पुसली आणि घरात आला.

“काय निघालं?” बाबांनी विचारलं.

“काही निघू दिलं नाही.”

“मग आता?”

“दोन्ही मारतो. एक तरी जुळेल.”

बाबांनी कपाळाला हात लावला.

डावी बाजू इनॅमल, उजवी युरेथेन, बॉनेटवर मधोमध भांग. दादाचं दार तेवढं कागदाने झाकलेलं. हार्डनर त्याने एकदम सगळंच ओतलं, त्यामुळे उरलेल्या रंगात ढवळायची काठी अजून उभी आहे. ‘वाळलं का’ म्हणून बाबा येता-जाता इनॅमलला बोट लावून बघत होते. डाव्या बाजूवर त्यांच्या दहाही बोटांची नोंद झाली. काम वरवरचं आहे असं कुणी म्हणू नये म्हणून धाकट्याने दारांच्या आतल्या कडाही रंगवल्या, आणि धूळ बसू नये म्हणून ओली दारं धाडधाड लावून घेतली.

सोमवारी सकाळी वहिनी पर्स घेऊन आली. गाडीभोवती एक फेरी मारली. एक बाजू आरशासारखी, दुसरी शेवाळासारखी, आणि दादाचं दार दोघींशीही बोलायला तयार नाही. वहिनीने पुढचं दार ओढलं. उघडेना. दुसरं ओढलं. तेही नाही. उजवीकडची दारं दगड झाली होती, डावीकडची गाडीला बिलगून बसली होती. धाकटा डाव्या दाराला खांदा लावून लोंबकळला, बाबा धाकट्याला लोंबकळले. दार हललं नाही.

“भाऊजी,” वहिनी म्हणाली, “एक तरी दार शिल्लक ठेवायचं होतं.”

एक होतं. धाकट्याने कागद फाडला, मूठ ओढली, आणि दादाचं दार नेहमीसारखं खट्‌कन उघडलं. वहिनीने त्या दारावर जरा वेळ हात ठेवला. मग चपला हातात घेऊन ती आत शिरली आणि सीट ओलांडून स्टिअरिंगमागे जाऊन बसली. महिन्यात पहिल्यांदाच तिला हसू फुटलं.

“आणि तिकडे पोचल्यावर उतरू कशी?”

धाकट्याने दार लावलं आणि सायकल काढली.

ऑफिसच्या फाटकात, सगळ्यांच्या देखत, धापा टाकत त्याने दार उघडून धरलं. वहिनी चपलांसकट बाहेर आली, केस सारखे केले आणि पायऱ्या चढून गेली. फाटकावरचा पहारेकरी हे सगळं बघत होता.

“तुमच्याकडे ड्रायव्हर मागून सायकलवर येतो का हो?”

दादाच्या दारावर रस्त्याची धूळ बसली होती, तेवढी धाकट्याने शर्टाच्या बाहीने पुसली. बाहीला सकाळी डाव्या दाराचं लागलेलं ओलं इनॅमल होतं. दारावर मधोमध एक लांब फराटा उमटला, आणि तो काढायला आता थिनरच लागणार होतं.