दोन पंचांशिवाय पक्षी नाही

गेल्या मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता तालुक्याच्या कचेरीत दत्तू आप्पांवर अन्याय झाला. खुर्चीतल्या साहेबांनी त्यांच्या अठरा वह्या न उघडताच टेबलावरून परत सरकवल्या आणि विचारलं, "फोटो कुठायत?"

आप्पांनी जन्मात पक्ष्याचा फोटो काढलेला नाही. ते पक्ष्यांचा पंचनामा करतात.

उचगावच्या पुढं आमचं गाव. आप्पा तिथले निवृत्त कोतवाल. तलाठ्यामागं पंचनामे करत फिरण्यात उमेदीची वर्षं गेली, दुसरी पद्धत त्यांना येतच नाही. थंडीत गावच्या तळ्यावर परमुलखातलं पाखरू उतरलं की आप्पा वही उघडतात आणि रस्त्यानं जाईल त्याला अडवतात. "ओ पावणं, गाडी लावा बाजूला. ते तांबूस बदक दिसतंय का? व्हय? मग करा सही."

लोकांना वाटतं, अपघात झालाय. एका दूधवाल्यानं तर हात जोडले. "आप्पा, मला कोर्टात न्हाय यायचं हो!"

"तुला कोण बोलावतंय? चक्रवाक काय केस घालणार हाय व्हय तुझ्यावर?"

दूधवाल्यानं सही केली. वर आप्पांचं अक्षर: 'समक्ष पाहिले. चोच काळी, पाय काळे. पंचांची तक्रार नाही.'

दोन पंच नसतील, तर पक्षी वहीत चढत नाही. मी मोबाईल पुढं केला, तर म्हणाले, "फोटोला उलटतपासणीत काय विचारशील?"

आता या तळ्याचं सुशोभीकरण ठरलंय. ज्या चिखलात तुतवार पक्षी टोचा मारत फिरतात, तो काठ बुजवायचा, वर ब्लॉक बसवायचे, सेल्फी पॉइंट करायचा. प्रस्तावात लिहिलंय, 'येथे स्थलांतरित पक्षी आढळत नाहीत.' कुणी बघितलं? कधी? खाली एका पंचाची सही नाही! ही म्हणे नोंद, आणि आप्पांच्या वह्या रद्दी! साहेबांनी मेहेरबानी एवढीच केली: "यंदाची एखादी नोंद आणा, मग काम थांबवायचं बघू."

यंदाची नोंद एकही नव्हती. का, ते त्याच संध्याकाळी वह्या घरी पोचवताना कळलं.

आप्पांच्या बायको, हौसाकाकी, सोप्यात बसल्या होत्या. अठराही वह्यांत पंच नंबर एक त्याच. गेल्या वर्षी साखरेनं त्यांचे दोन्ही डोळे गेले.

आप्पा सांगत होते, "पट्टकादंब आलाय, हौसा. हंस. एकटाच हाय. पांढरं डोकं, मागं दोन काळे पट्टे."

"आणि पाय?"

"पिवळं."

"दिसला की मला. आणा वही."

"बघितल्याबिगर सही न्हाय."

"अवं, इतकी वर्षं तुमचंच ऐकून सही केली. मला कुठं कळत होतं त्यातलं?"

आप्पा हबकलेच. मी हळूच म्हणालो, "आप्पा, एक नंबरला दुसरं कुणीतरी घेऊया की."

काकीच म्हणाल्या, "घ्या की. मी काय जागा अडवून बसलीय व्हय?"

आप्पांनी वही मांडीवर घेतली. 'पंच नंबर दोन'च्या खाली पट्टीनं एक नवी ओळ आखली आणि लिहिलं, 'पंच नंबर तीन'.

हंस अजून तळ्यावर आहे. रविवारी सकाळी सात वाजता या. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच दोन किंवा तीन नंबरला सही करा. एक नंबरची ओळ मोकळी सोडा.