साखळीतले श्रीरामभाऊ

श्रीरामभाऊ बनियनवर ऑनलाइन जात नाहीत.

धामणगाव बढ्यात त्यांची पिठाची गिरणी आहे. गिरणीत बाराही महिने बनियन आणि पायजमा हाच त्यांचा वेश, आणि भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत ज्वारीचं पीठ. पण मोबाइलवर 'कम्युनिटी'त जायचं झालं, की ते आधी हात-तोंड धुणार, खुंटीवरचा पांढरा सदरा चढवणार, वरची गुंडी लावणार आणि मग स्टुलावर ताठ बसणार. माझं झेरॉक्सचं दुकान बरोबर समोर. एकदा न राहवून मी विचारलं, "भाऊ, तिथं कोणाले दिसून राह्यले तुम्ही?"

"दिसत नाई, हे खरं," ते म्हणाले. "पन मले तर मालूम हाये ना, मी बनियनवर हाये म्हनून!"

ही कम्युनिटी म्हणजे एका ब्लॉकचेनवाल्यांचा ऑनलाइन अड्डा. लग्नघराचं दळण घेऊन आलेला एक पाहुणा लाइट गेल्यामुळे गिरणीत अडकला होता. त्यानं वेळ जावा म्हणून भाऊंना त्या अड्ड्यात घातलं, आणि लाइट आल्यावर दळण घेऊन तो जो गेला तो गेलाच. भाऊ मात्र तिथे रमले. देशोदेशीची माणसं, पण चेहरा एकाचाही नाही. कोणी घुबडाचं चित्र लावलेलं, कोणी चष्मा घातलेल्या वांग्याचं. भाऊंचं इंग्रजी जेमतेम सातवीपर्यंतचं. तरी नवीन माणूस आला की ते लिहायचे, नाहीतर तिथल्या 'बोलायच्या खोलीत' तोंडानं म्हणायचे, "कम. सिट. वॉटर?" तिकडच्या लोकांना हे इतकं आवडलं, की नव्यांचं स्वागत करायचं काम त्यांनी भाऊंकडेच दिलं आणि नावापुढे एक हिरवी पताका लावली. ही पताका दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला पाहावीच लागे. त्याशिवाय डबा मिळत नसे.

ब्लॉकचेन म्हणजे काय, हे मात्र ते रोज वेगळं सांगायचे. सोमवारी ती पंगत असायची: "वाढप्यानं लाडू कोनाले वाढला ते साऱ्या पंगतीनं पाह्यलं, मंग नाई कसं म्हनता येईन?" मंगळवारी ते भजनी मंडळ असायचं. बुधवारी बैलांची वेसण निघायची. मी एकदा मधेच विचारलं, "भाऊ, याच्यात पैसे भेटते काय?"

"तुले पैशाबिगर काई सुचत नाई काय बे?" म्हणून त्यांनी मला अर्धा दिवस चहा विचारला नाही.

आणि मग एकाएकी हे सगळं थांबलं. सदरा खुंटीवरच राहू लागला. भाऊंच्या हातात बटणांचा साधा फोन आला. गावानं आपल्या परीनं अर्थ लावला, की भाऊंचे पैसे तिथे बुडाले. मी विचारलं, "ऑनलाइन जाऊन नाई राह्यले काऊन?"

"पुरे झालं. डोये दुखते."

दारातून आलेल्या गव्हातला खडा स्टुलावर बसून ओळखणारा हा माणूस! पण मी पुढे विचारलं नाही. अशी काही वर्षं गेली.

यंदा पोळ्यानंतर एका दुपारी त्यांची पुतणी प्रतीक्षा मला बोलवायला आली. भाऊंचा धाकटा भाऊ गेल्यापासून तिचं सगळं भाऊंनीच केलेलं. त्यांचं स्वतःचं असं दुसरं कोणी नाही. पोरगी बाहेर राहून नर्सिंग शिकली आणि आता बुलडाण्याच्या एका दवाखान्यात लागली. पहिल्या पगारातून तिनं काकासाठी मोठा मोबाइल आणला होता. गिरणीत गेलो तर भाऊ सदरा घालून, गुंडी लावून तयार.

"काका म्हनते, त्यांच्या त्या ग्रुपात परत जायचं हाये," प्रतीक्षा म्हणाली. "मले काई समजून नाई राह्यलं. तुम्ही पाहा."

आत जायला इंग्रजी शब्दांची एक माळ लागते. ती विसरली की माणूस कायमचा बाहेर. मला वाटलं, संपलं. पण भाऊंनी डोळे मिटले आणि आरतीच्या चालीत सुरू केलं, "मँगो लॅडर, विंडो अंकल, राइस गोट, अंब्रेला ऽऽ..." दार उघडलं.

पुढे यंत्रानं विचारलं, तुम्ही माणूस आहात ना? मग मोटारसायकल असलेले चौकोन निवडा. भाऊंनी एका चौकोनावर बोट ठेवून वाद घातला, "हे मोपेड हाये. याले मोटारसायकल कोन म्हनते?" शेवटी प्रतीक्षानंच बोट लावलं आणि भाऊ माणूस ठरले.

आत पाऊल ठेवता क्षणी यंत्राचा संदेश आला, "नव्या मित्रा, तुझं स्वागत!"

"नवा?" भाऊ ताडकन उठले. "अबे, याच्या बापाचं स्वागत म्या केलं असन!"

पण खरंच सगळं बदललं होतं. त्यांची ती साखळी, म्हणजे ब्लॉकचेन, दुसऱ्या एका साखळीत मिसळली होती. तिच्यावर चालणाऱ्या ऑनलाइन नाण्याचं नावही वेगळंच झालं होतं. "सासरी गेली काय हे, नाव बदलून?" भाऊ पुटपुटले. जुनी बैठक सापडली, तर तिथे वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. हिरवी पताका गेली होती. भाऊ एकेक दार उघडत, आत डोकावत, परत फिरत. गावी आल्यावर आपल्याच गल्लीत घर न सापडलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

मग त्यांनी दिसेल त्याला विचारायला सुरुवात केली: घुबड कुठं हाये? वांगं कुठं हाये? प्रतीक्षा इंग्रजीत लिहीत गेली. थोड्याच वेळात लिहायचं बंद झालं. वर लाल अक्षरांत काहीतरी आलं.

"काका, त्यांनी तुमचं तोंड बंद केलं," प्रतीक्षा म्हणाली. "इतके दिवस गप असलेलं खातं एकदम बोलाले लागलं, म्हंजे चोरानं घेतलं असं वाटते त्यांले. बोलायच्या खोलीत या आन सिद्ध करा म्हनते, नाई तर कायमचं काढून टाकतीन."

बोलायच्या खोलीत तिथला कारभार पाहणाऱ्या एका बाईचा करडा आवाज होता. ती विचारत होती, प्रतीक्षा सांगत होती, आणि भाऊ स्टुलावर नुसते चुळबुळत होते. आपण आपणच आहोत, हे कसं सांगतात? ते माझ्याकडे पाहू लागले. मी काय सांगणार? मी तर आधार कार्डाच्या झेरॉक्स काढणारा माणूस.

तेवढ्यात दारात सुमनबाई डबा घेऊन उभ्या. "भाऊ, करा ना सुरू. पोरं शाळेतून येतीन आता."

सवयीनं भाऊ उठले आणि बटण दाबलं. पट्टा फटफटला, जातं घरघरलं, पत्रे थरथरले. आणि त्या आवाजावर फोनमधून कोणीतरी मोठ्यानं ओरडलं. चष्मेवालं वांगं! ते कोपऱ्यात गुपचूप ऐकत बसलं होतं.

"गिरनी ओळखली त्यानं!" प्रतीक्षा ओरडली. "म्हनते, हेच श्रीराम! रोज मागं हाच आवाज असे!"

एकेक करत जुनी माणसं खोलीत येऊ लागली. भाऊ गिरणी बंद करायचंही विसरले. शेवटी मीच बंद केली. सुमनबाईंनी कपाळावर हात मारला.

"काका, ते इचारून राह्यले, इतके दिवस कुठं होते?"

"डोयाचं ऑपरेशन झालतं म्हन," भाऊ घाईनं म्हणाले.

प्रतीक्षानं फोन खाली केला. "कवा झालं ऑपरेशन?"

भाऊंनी सूप पुढे ओढलं.

"काका, मी शिकाले गेली तवा तुम्ही मले मोबाइल देल्ला. तुम्ही म्हनले, मायाजवळ दोन हायेत."

"होतेच ना दोन," भाऊ सुपातलं पीठ उगाच सारखं करत म्हणाले. "एक तो. आन एक हा बटनाचा."

फोनमधले लोक हॅलो हॅलो करत होते. प्रतीक्षानं फोन तोंडाशी नेला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. माझं इंग्रजी झेरॉक्सपुरतं; मला 'माय अंकल' एवढंच कळलं. मग तिनं फोन बाजूला ठेवला आणि गव्हाच्या पोत्यावर बसली.

"काका, हे ब्लॉकचेन म्हंजे काय असते हो?"

आता पंगत निघणार, मला वाटलं. भाऊंनी घसा खाकरला, गुंडी चाचपली, वर पत्र्याकडे पाहिलं.

"खरं सांगू काय, पोरी? मले बी नाई समजलं अजून." ते हळूच म्हणाले. "पन तू गेल्यावर घरात कोन होतं? आन पहिले, मोबाइल होता तवा, तिथं रोज कोनी ना कोनी इचारे, श्रीराम, जेवला काय म्हनून."

प्रतीक्षानं डोळे पुसले. तिच्या गालाला पीठ लागलं.

"मंग आज जेवले काय?"

भाऊंनी जरा आठवून पाहिलं.

"नाई," ते म्हणाले.