आधी नाडी, मग औषध

लॅपटॉप झोपलेला असला की शिवअप्पा आल्यागेल्याला ओठांवर बोट ठेवूनच घरात घेतात.

लातुरात ते माझे सख्खे शेजारी. बियाण्यांचं दुकान बंद केल्यावर त्यांनी जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून आपल्या हातानं लिनक्स चढवलं. यंत्राला एकच व्याधी. झोपेतून उठलं की प्रोसेसरचा वेग तळाला जाऊन बसतो, तो बसतोच. सोयाबीनचा भाव बघायला घ्यावा, तर पान उघडेपर्यंत भाव पडलेला असतो.

गल्लीत सगळेच तज्ज्ञ. औशाहून आलेले त्यांचे साडू म्हणाले, विकून टाका. समोरचे म्हणाले, लिंबू-मिरची बांधा. मी निवृत्त मास्तर, मी म्हणालो, "अप्पा, बंद करून चालू करा की!"

"आधी नाडी, मग औषध," अप्पा काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप करत म्हणाले. "हे बगा, चारशे मेगाहर्ट्झ. अंग तापलेलं न्हाई, डोक्यावर काम न्हाई, तरी हलंना. रुसलेला नवरदेव हाय निस्ता!"

त्यांना 'लिनक्सअप्पा' हे नाव मीच पाडलं. एका बटणाच्या कामाला तासभर नाडी बघणारा चक्रम, असं मीच सांगत फिरलो. ते खोडायला हे लिहितोय.

परवा चहाला गेलो. वेग पुन्हा तळाला. अप्पा आत चहा गाळत होते, तेवढ्यात मी पॉवरच्या बटणाला बोट लावलं.

"हात काढा मास्तर!" अप्पा एवढ्यानं ओरडले की बशीत चहा सांडला.

"अहो, लगेच पळायला लागेल."

"पळंल हो. पण हिचा डाव जाईल की."

त्यांनी पडद्यावरची मागची खिडकी पुढं आणली. पत्त्यांचा अर्धा राहिलेला खेळ. अप्पांच्या घरच्या, आमच्या काकू, त्या शेवटच्या दुपारी हाच खेळत होत्या, छातीत दुखायला लागलं, झाकण मिटून दवाखान्यात गेल्या. परत आल्या नाहीत.

"ह्यो खेळ डाव जपून ठेवत न्हाई. मशीन बंद, की गेला. म्हणून लाइट गेली तरी झोपवतो फक्त."

"मग तुम्हीच खेळून संपवा."

"तिची पाळी हाय."

सांडलेला चहा पुसून ते म्हणाले, "नेटवर एकानं लिवलंय, चार्जर काढून परत लावा. बगतो करून." चार्जर काढला, पुन्हा खोचला. आकडा भराभर वर चढला.

"लागली बगा नाडी!"

सोयाबीनचा भाव काही त्यांनी उघडला नाही. पत्त्यांकडे जरा वेळ बघितलं आणि झाकण अलगद मिटलं.

"येतो अप्पा," मी म्हणालो. कुजबुजतच.