देवाची गाडी उजवीकडे झुकते!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गाडी उंच कशी करायची, हे आमच्या हिनोकुबो खोऱ्यात फक्त एका माणसाला कळतं. तो माणूस मी!

माझी जीप अगदी छोटी. चौकोनी. टोफूच्या वडीला चाकं लावली तर जशी दिसेल तशी. पण तिला मी लांब स्प्रिंगा घातल्या, मोठे टायर घातले आणि पार उंटासारखी करून टाकली. गॅरेजवाल्याचं तोंड बघितलं नाही. सगळं व्हिडिओ बघून! आणि काम संपल्यावर एकही नट हातात उरला नाही. विचारा कुणालाही, हे किती जणांना जमतं!

तर झालं असं, की सप्टेंबरच्या पावसात वरच्या देवळाचा रस्ता वाहून गेला. म्हणजे रस्ता आहे, पण रस्त्यात नाला आहे, नाल्यात दगड आहेत आणि दगडांत परत थोडा रस्ता आहे.

आणि आमचा डोंगरदेव दर शरद ऋतूत तीन दिवस खाली गावात मुक्कामाला येतो. यंदा पुजाऱ्याने त्याला पाठीवर बांधून कसाबसा उतरवला आणि स्वतःची कंबर धरून बसला. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत देव परत वर गेलाच पाहिजे. पूर्वी पालखी खांद्यावरून जायची. आता सगळे खांदे ओसाकाला नोकरीला गेलेत, म्हणून टेम्पोतून जायची. पण यंदा टेम्पोचं पोट दगडावर टेकायला लागलं!

मग काय? देवस्थान कमिटीचे प्रमुख मुनेकाता आजोबा थेट आमच्या अंगणात. वय अठ्ठ्याहत्तर, हातात पांढरे मोजे, चेहऱ्यावर कर भरायला आल्यासारखा भाव.

"इबुकी, तुझी गाडी वर चढेल?"

"आजोबा, सांगाल तर चंद्रावर चढेल!"

खरं सांगतो, मला भरून आलं होतं. शहरातली नोकरी सोडून परत आल्यापासून गावात माझी ओळख एकच, "तो, गाडीखाली झोपलेला." आता तोच देवाचा सारथी होणार होता!

आजोबांनी खिशातून एक वाटी काढली. मागच्या डिकीत ठेवली. तिच्यात काठोकाठ साके, म्हणजे देवाची तांदळाची दारू, ओतली.

साके वाटीत थांबलीच नाही! उजव्या काठावरून निघाली ती ओघळत, थेट उजव्या चाकाच्या कमानीपर्यंत.

मी गार!

"अंगणालाच उतार असेल," मी म्हणालो.

आजोबांनी दुसरी वाटी जमिनीवर ठेवली आणि भरली. थेंब हलला नाही.

"देव काय तिरका बसून जाणार?" आजोबा शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "परवा दुपारपर्यंत सरळ कर. नाहीतर देव यंदा हिवाळाभर खालीच. तीनशे वर्षांत असं झालेलं नाही."

मग देवाचं वाया घालवायचं नाही म्हणून दोन्ही वाट्यांतली साके पिऊन टाकली आणि गेले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई ओरडली, "तीनशे वर्षं! आणि नेमकं आपल्याच घरावर यावं!"

मी गोताला फोन केला. गोता माझा बालमित्र. शाळेत असताना तालुक्याचा सुमो चॅम्पियन. आता रताळ्यांची शेती करतो आणि स्वतःही थोडा रताळ्यासारखाच झालाय.

"टेप आणू का?" तो म्हणाला.

"टेप? अरे, आपण काय शिंपी आहोत? बोटं घाल, बोटं!"

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? आमच्याकडे टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट सगळे बोटांनीच मोजतात. तीन बोटं, चार बोटं, एकदम पक्कं माप. मी डावीकडे बसलो, गोता उजवीकडे.

"इकडे पाच!" मी ओरडलो.

"इकडे तीन!" गोता पलीकडून.

"काय? दोन बोटांचा फरक!" मला चक्करच आली. "अरे, ही गाडी आहे की कलती बोट?"

माझ्याकडे स्प्रिंगेखाली घालायच्या लोखंडी चकत्या होत्या. उजव्या बाजूला दोन बोटं जाडीच्या घातल्या. दुपार गेली, गुडघा सोलला, पण काम झालं. आजोबांना बोलावलं. ते पुजाऱ्यालाही घेऊन आले. पुजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहिले.

वाटी ठेवली. साके ओतली.

धबधबा! या वेळी डावीकडे! पुजाऱ्यांचा झगा कंबरेपासून ओला!

"हे काय?" पुजारी.

"हे... हे उलटं झालं!" मी.

"दिसतंय ते," आजोबा म्हणाले आणि वाटीचा तळ चाटूनपुसून मोकळा केला.

परत मोजणी. या वेळी गोता डावीकडे, मी उजवीकडे.

"इकडे अडीच!" गोता म्हणाला.

माझ्या बाजूला एक हात पुरला नाही, दुसरा लावला. "इकडे सात!"

"साडेचार बोटांचा फरक?" गोताचा आवाज फाटला. "अरे इबुकी, ही गाडी वाढते का काय?"

घातल्या चकत्या डावीकडे! साडेचार बोटं! झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी परत उजवीकडे. मग परत उजवीकडे चकत्या. मग परत डावीकडे. तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्या सकाळी आमची जीप इतकी उंच झाली की शेजारचं मांजर तिच्याखालून न वाकता जायला लागलं. मांजर कधी वाकत नाही म्हणा, पण आता शेजारचा कुत्रासुद्धा वाकत नव्हता! आई भाताचे गोळे आणि मुळ्याचं लोणचं घेऊन आली आणि जीपकडे बघून तिच्या हातातलं ताट कललं.

"देवाला बसवायला शिडी लागणार का रे?"

तेवढ्यात फाटकातून सुमिए आजी आली. वय ऐंशी, वजन पिशवीतल्या भाजीसकट चाळीस किलो. नवरा गेल्यापासून गावातले सगळे ट्रॅक्टर तीच दुरुस्त करते. मी तिला कधी विचारलं नव्हतं, कारण ती व्हिडिओ बनवत नाही.

ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली.

"मोजलं कुणी?"

"आम्ही दोघांनी. बोटांनी."

"हात दाखवा."

आम्ही दोघांनी हात पुढे केले. माझी बोटं म्हणजे जेवायच्या काड्या. गोताची बोटं म्हणजे... मी सांगितलं ना, रताळी!

आजी आमच्या हातांकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. मग माझी बोटं गोताच्या बोटांना लावून बघितली. माझी पाच म्हणजे त्याची तीन! म्हणजे पहिल्या दिवशी फट दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती!

"चूक तुझी!" मी गोतावर ओरडलो. "एवढी बोटं असतात का माणसाला?"

"मी टेप आणू का म्हणालो होतो!"

"भांडण नंतर," आजी म्हणाली. "आधी थोडी झुकली होती ना? लांब स्प्रिंगा घालून नट आवळलेस तेव्हा चाकं कुठे होती?"

"डावं चाक हवेत होतं, जॅकवर. उजवं..." मी आठवायला लागलो. उजवीकडचे नट घालून झाले होते, नुसते आवळायचे होते, तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. म्हणून जॅक काढला आणि जेवून आल्यावर आवळले. "उजवं जमिनीवर होतं."

"मग! डावीकडचं सांध्यातलं रबर, चाक लोंबकळत असतानाच चिमटून बसलंय. ते आपली बाजू वर ढकलतंय. सगळ्या चकत्या काढ. सगळे नट ढिले कर. चारही चाकं जमिनीवर टेकव, गाडी हलव, तिला बसायचं तशी बसू दे. मग आवळ. माणूससुद्धा लोंबकळत असताना कंबरपट्टा आवळत नाही!"

एवढंच! दीड दिवस चकत्यांचा चातुर्मास केला आणि एवढंच!

गोताने मागच्या बंपरवर उभं राहून चार उड्या मारल्या. गाडी ठुमकली, सुस्कारली आणि बसली. मी आवळलं. आजीने पाना माझ्या हातातून घेऊन परत आवळलं. वाटी ठेवली, काठोकाठ पाणी भरलं. एक थेंब हलला नाही! आरशासारखं! मी तर रडलोच. गोता पण रडला, पण त्याचा पाय पान्याखाली आला होता.

उत्सवाचा तिसरा दिवस. सगळा गाव जमलेला. सगळा म्हणजे एकतीस जण. गाडी धुऊनपुसून चकाचक, पुढे कागदाच्या पांढऱ्या झुरमुळ्या. देवाला श्वास लागू नये म्हणून पुजाऱ्यांनी तोंडावर पांढरा कागद बांधून देवाची देवदारी पेटी मागे बरोबर मधोमध ठेवली. मुनेकाता आजोबांनी पेटीसमोर वाटी ठेवली आणि काठोकाठ भरली.

सरळ! एकदम सरळ!

"शाब्बास इबुकी," आजोबा म्हणाले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा! सूर्य डोंगरापासून वीतभर वर होता. मी आईकडे बघितलं. आईने डोळे पुसले. मी पांढरे मोजे चढवले, छाती काढली, दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसलो.

मागून आवाज आला. टप. टप टप टप.

"उजवीकडे!" पुजारी किंचाळले. "उजवीकडे चाललीय!"

मी उतरलो. थांबली. बसलो. टप टप!

देवा! आम्ही सगळ्या चाचण्या रिकाम्या गाडीवर केल्या होत्या! आणि आमच्याकडे ड्रायव्हर उजवीकडेच बसतो!

"गोता, डावीकडे बस!" मी ओरडलो.

गोता बसला. गाडी डावीकडे अशी कलली की पेटीच सरकली. चार जणांनी झेप घेऊन धरली. एक बाई खालीच बसली.

"उतर! उतर!"

"तांदळाचं पोतं ठेवू!" मी म्हणालो. "माझ्याएवढं, अडुसष्ट किलोचं!"

"देवापुढे पोतं?" मुनेकाता आजोबा हादरले. "देव काय बाजाराला चाललाय?" मग त्यांनी माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. "इबुकी, गाडी सरळ आहे. वाकडा तू आहेस."

एकतीस माणसं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सूर्य आता चार बोटांवर होता. कुणाच्या बोटांनी, ते मी विचारलं नाही.

गर्दीतून सुमिए आजी पुढे आली. भाजीची पिशवी आईच्या हातात दिली. चपला नीट जोडून बाहेर ठेवल्या आणि माझ्या गाडीत, माझ्या जागेवर चढून बसली.

सगळ्यांनी श्वास रोखून वाटीकडे बघितलं. एक थेंबही नाही!

"या रस्त्यावर मी पन्नास वर्षं ट्रॅक्टर घातलाय," आजी म्हणाली. "किल्ली दे."

मी दिली.

देव सूर्यास्ताच्या आधी घरी पोचला. माझ्याच गाडीतून, एकदम सरळ! हे लक्षात ठेवा, लोक विसरतात. मी मागून चालत होतो, हातात आजीच्या चपला घेऊन. दगडांवरून, नाल्यातून, परत दगडांवरून. मागून गाडी फार सुंदर दिसत होती.

वर पोचल्यावर मुनेकाता आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी तूच चालव. अठ्ठावीस किलो कमी कर, बस्स."

मी मनावर घेतलंय. त्या दिवसापासून रात्रीचा भात बंद. म्हणजे, तिसरा वाडगा बंद.