शूलपाणीची टँडम

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना एकदम तब्येतीची काळजी वाटू लागली. पूर्वी वाघ मागे लागला की प्राणी पळायचे आणि तेवढा व्यायाम पुरायचा. पण वाघाचे गुडघे गेले. कोणी कोणाच्या मागे लागेना. बघता बघता सगळ्यांची पोटं सुटली.

त्या जंगलात शूलपाणी नावाचा एक साळिंदर आणि बकुळा नावाची त्याची बायको राहत होती. साळिंदर तुम्ही चित्रात पाहिला असेल. पाठभर लांब काटे, आणि राग आला किंवा आनंद झाला की ते ताठ उभे राहतात. पोटाला मात्र काटे नसतात. हे लक्षात ठेवा, बकुळाला ते फार महागात पडणार आहे.

लग्न ठरवायला आला तेव्हा शूलपाणी म्हणाला होता, "डोंगरापलीकडे एक मोठं तळं आहे. दाखवीन तुला." बकुळाने जन्मात डबक्याहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं. ती लगेच हो म्हणाली. या गोष्टीला बारा वर्षं झाली होती.

दर उन्हाळ्यात ती विचारायची, "अहो, तळ्याचं काय झालं?" आणि दर उन्हाळ्यात शूलपाणीला कंदमुळांची महत्त्वाची कामं निघायची. मग एकटीने जायचं, असं तुम्ही म्हणाल. पण साळिंदरांत बाईमाणूस एकटं डोंगर ओलांडत नाही. का, ते कोणी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

अशात घोरपडे सरांनी टँडम फेरी जाहीर केली. घोरपडे सर म्हणजे जंगलातली घोरपड. ते स्वतः कधी सायकलवर बसले नव्हते, पण खडकावर ऊन खात पडल्या पडल्या फार सुरेख मार्गदर्शन करायचे. वडापासून निघायचं, डोंगर चढायचा, तळ्याकाठच्या पांढऱ्या दगडाला वळसा घालायचा आणि परत यायचं. फक्त जोडप्यांनी. तीन महिने सराव सक्तीचा.

"संसार ही दोन चाकांची गाडी आहे," सर म्हणाले. "एक चाक तो, एक चाक ती!"

टाळ्या पडल्या. चाकांबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, मुलांनो. पायडल कोण मारतं याबद्दल सर काही बोलले नाहीत.

टँडम म्हणजे दोघांची लांब सायकल. पुढे एक सीट, मागे एक. दोघांचे पायडल एकाच चेनला बांधलेले. पुढच्याला हँडल, ब्रेक आणि घंटी. मागच्यालाही हँडल असतं, पण ते वळत नाही. ते नुसतं धरून बसायला दिलेलं असतं.

तळ्याचं नाव ऐकून बकुळा हरखली. तिने भीत भीत विचारलं, "अहो, एखाद दिवस मी पुढे बसू का?"

"अगं, पुढे वारा किती लागतो!" शूलपाणी म्हणाला. "तुला सोसायचा नाही. आणि जबाबदारी कोण घेणार?"

झालं. सराव सुरू झाला. शूलपाणीने डोक्याला नारळाची करवंटी बांधली आणि घट्ट, चकचकीत कपडे शिवून घेतले. पहिल्याच दिवशी त्यांची पाठीवर चाळण झाली. हाताला त्याने किती कोस झाले ते मोजणारं यंत्र बांधलं. कोस बकुळाचेही तेवढेच व्हायचे, पण तिच्या हाताला यंत्र बांधायचं राहून गेलं.

रोज पहाटे दोघं निघायची. वाटेत माकडं ओरडायची, "वा शूलपाणीराव! काय दम आहे!" शूलपाणी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढायचा. त्याचे काटे आनंदाने उभे राहायचे आणि थेट मागे बकुळाच्या पोटात घुसायचे. पहिल्या आठवड्यात तिने सोसलं. दुसऱ्या आठवड्यापासून तिने पोटाला फणसाचं साल बांधलं. त्या काट्यांपेक्षा हे काटे बरे, असं तिला वाटलं.

दुसऱ्या महिन्यात एकदा चढावर तिच्या पायात गोळा आला. ती क्षणभर जोर लावायची थांबली. सायकलही थांबली.

"चेन अडकली वाटतं," शूलपाणी म्हणाला.

बकुळाने जोर लावला. सायकल चालू लागली. पुढच्या चढावर तिने मुद्दाम पाय सैल सोडले. सायकल थांबली. तिसऱ्या चढावर पुन्हा तेच झालं, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, तुम्ही जोर लावता ना?"

"हे काय विचारणं झालं? माझे पाय बघ की! फिरतायत ना?"

फिरत होते. एकाच चेनला बांधलेले पाय, ते फिरणारच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच प्रकार. फरक एवढाच, की आपण आयत्या बिळात बसलोय हे नागोबाला ठाऊक असतं. शूलपाणीला मनापासून वाटायचं की सायकल तोच ओढतोय. संध्याकाळी घरी आल्यावर तो बकुळाकडून मांड्या रगडून घ्यायचा आणि खरोखर कण्हायचा.

बकुळाला संताप आला. रडूही आलं. पण भांडण झालं तर फेरी राहील, आणि फेरी राहिली तर तळं राहील. तिने तोंड मिटून पायडल मारले.

फेरीच्या दिवशी तेरा जोडपी निघाली. सशांचं पहिल्याच वळणावर रस्त्यावरून वाजलं आणि ते दोन दिशांना घरी गेले. मोराचा पिसारा चेनमध्ये गेला. उरलेली जोडपी उसाच्या रसाच्या टपरीवर बसली ती उठलीच नाहीत. डोंगर चढली ती एकटी शूलपाणीची सायकल. म्हणजे बकुळाने ती चढवली.

माथ्यावर वारा आला. त्याला ओल्या मातीचा आणि कमळांचा वास होता. बकुळाने दोन पायडल जास्तच जोरात मारले.

"आलं का हो तळं?"

"आलं, आलं. आता वळसा घालायचा आणि सुटायचं."

"म्हणजे? थांबायचं नाही?"

"वेडी का खुळी तू? थांबलो तर तोही वेळ मोजतात. मी सांगतो ना तुला कसं दिसतंय ते." शूलपाणीने मान उंच केली. "पाणी आहे. बऱ्यापैकी आहे. निळं आहे."

पहिला नंबर समोर दिसत होता, त्यामुळे त्याचे काटे कधी नव्हे इतके पसरले होते. बकुळाने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. दोन काट्यांच्या फटीतून तिला बोटभर निळं काहीतरी दिसलं. बारा वर्षं आणि तीन महिने, आणि वाट्याला बोटभर निळं. तिला स्वतःचीच कीव आली.

पांढऱ्या दगडापाशी वळताना सायकल हळू झाली. बकुळा खाली उतरली.

शूलपाणी तसाच पुढे गेला. उताराचा वेग थोडा उरला होता. "आता जोर लाव हं!" असं त्याने मागे न बघता बजावलंसुद्धा. मग चढ लागला आणि सायकल उभी राहिली.

"अगं, चेन अडकली!"

"नाही अडकली," काठावरून बकुळा म्हणाली.

"मग चालत का नाही?"

"मी उतरलेय."

शूलपाणीने बराच विचार केला. दोन्ही गोष्टींचा संबंध त्याला लागेना. "लवकर बस, नंबर जाईल!"

"तुम्ही व्हा पुढे," बकुळा म्हणाली. "सवय आहे तुम्हाला."

शूलपाणी सायकल हाताने ढकलत परत आला तेव्हा दिवस कलला होता. वडाखाली गर्दी होती. सगळे विचारू लागले, "वहिनी कुठायत?"

"थकली बिचारी," शूलपाणी म्हणाला. "तळ्याकाठी बसवून आलो."

घोरपडे सरांचे डोळे पाणावले. बायकोला विसाव्याला बसवून दोघांची सायकल एकट्याने ओढणारा नवरा त्यांच्या पाहण्यात नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे 'आदर्श पती' पुरस्कार निर्माण केला. नारळ दिला, शाल घातली. आनंदाने काटे उभे राहिले आणि शालीच्या चिंध्या झाल्या.

इकडे बकुळाने फणसाचं साल सोडून बाजूला ठेवलं. तळं तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ मोठं होतं. मधोमध बेट होतं, आणि ते कोणी तिला सांगितलंच नव्हतं. ती हसली, थोडी रडलीही. जवळ एक टिटवी चिखलात चोच मारत होती.

"नवीन दिसता," टिटवी म्हणाली. "कशा आलात?"

"सायकलवर."

"अगंबाई! एवढा डोंगर? चालवत कोण होतं?"

"मीच," बकुळा म्हणाली, आणि तिने पाय पाण्यात सोडले.

तात्पर्य : मागे बसणाऱ्याने मधेच कधी उतरू नये. उतरलं की पुढच्याला शाल, श्रीफळ आणि पुरस्कार मिळतो. आपल्याला मिळून मिळून काय मिळतं? नुसतं एक तळं.