गुलाबभाऊंची तार

मलकापूरजवळ हायवेवरच्या पेट्रोल पंपावर मी नोकरी मागायला गेलो, तेव्हा मॅनेजर गुलाबभाऊंनी माझे कागद पाहिलेच नाहीत. माझी बाही चिमटीत धरून चोळली आणि म्हणाले, "टेरिकॉट हाय. उद्या सुती घालून ये."

भाऊंचं वैर एकीशीच होतं, न दिसणाऱ्या ठिणगीशी. "पेट्रोल नळीतून घासत जाते, तवा त्यात वीज भरते. तिले जमिनीत जायले रस्ता द्या. नाही तं ते आपला रस्ता शोधते." हे त्यांनी चाकात हवा भरायला थांबलेल्या एका नवरदेवालाही ऐकवलं. त्याचा शेला नायलॉनचा निघाला.

टँकर आला की आधी अर्थिंगची तार, मग नळी. तारेचा चिमटा रंगावर चालायचा नाही, उघड्या लोखंडालाच हवा. पेट्रोल टाकीत सुरुवातीला अगदी हळू सोडायचं. तेवढ्या वेळात भाऊ टँकरशी बोलत, "दम घे जरा."

एकदा दुपारी सलीमभाई ड्रायव्हर आले आणि तार न लावताच नळी जोडायला लागले. भाऊ सरळ नळीवर जाऊन बसले.

"काऊन अडवता, भाऊ? पोरीले पाहायले पाहुणे येऊन राह्यले पिंपळगावले."

"मंग तं तार पक्की लावा. पाहुण्यायले पोरीचा बाप बी दिसला पाह्यजे."

तार लागली. टँकर सावकाश खाली झाला. सलीमभाई गाल फुगवून बसले होते. भाऊंनी त्यांच्याकडून नंबर घेऊन त्यांच्या घरी फोन लावला.

"भाभी, पंपावरून गुलाब बोलून राह्यलो. उशीर माह्यामुळं झाला. पाहुण्यायले जेवू घाला, थांबवून ठेवा. सलीमभाई निघून राह्यले. त्यायले रस्त्यात घाई करू नका म्हणा."

संध्याकाळी माझी सुट्टी झाली तरी भाऊ ऑफिसात बसलेलेच. त्यांचीही वेळ केव्हाच संपली होती. मी म्हटलं, "भाऊ, घरी नाही जात?"

"जातो. माही वाट पाहणारं कोनी नाही, मले कायची घाई?" पेट्रोलचा भाव सांगावा तसं ते बोलले.

तेवढ्यात भाभींचा फोन आला. सलीमभाई वेळेत पोचले होते, पाहुण्यांना मुलगी पसंत पडली होती. भाऊ "हाव, हाव" करत ऐकत होते. मग भाभींनी विचारलं, "भाऊ, तुम्ही पोचले काय घरी? जेवले?"

भाऊंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"निघूनच राह्यलो, भाभी," म्हणाले, आणि खरंच उठून चपला शोधू लागले.