गणपामामांचे अंगठे

गणपामामा गिऱ्हाइकाचा पैसा बघायच्या आधी त्याचा हात बघत. तळवा, नखं, पेरं, सगळं उलटसुलट करून, मुलगी बघायला आलेल्या खडूस सासूसारखं. हाताला घाम असला की निकाल ठरलेला. "घामट हाताला आमी पत्तं इकत नाय. कोरडा झाला की ये."

दुकान जादूच्या सामानाचं, आणि तेही कर्जतला! लढाईचे दिवस, रेशनच्या रांगा, आणि स्टेशनाबाहेर एका खोलीत दुहेरी तळाचे पेले, लाकडी अंडी, रेशमी रुमाल. घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडत, तेवढ्या वेळात फिरते जादूगार उतरून मामांकडे धावत. घेतलेली वस्तू चालवून दाखवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, असा मामांचा कायदा. इंजिनाची शिट्टी झाली तरी मामा आपले, "दिसला! परत कर." एका बिचाऱ्याची पुण्याची गाडी डोळ्यांदेखत गेली. तो दिवेलागणीपर्यंत चेंडू लपवत बसला. चौक गावच्या एका हौशी वाण्याला तर मामांनी पेला दाखवलासुद्धा नाही. "तुमी घरी जाऊन बायकोला सगळं सांगाल. त्वांड दिसतंय ना!"

पण मामांची खरी कीर्ती अंगठ्यांची. आपल्या अंगठ्यावर टोपीसारखा बसणारा पोकळ अंगठा. त्यात रुमाल कोंबायचा आणि हात मोकळे दाखवायचे. विलायती अंगठे असत गुलाबी. मामा म्हणत, "ह्यो लावून कशेळ्याच्या बाजारात उभा ऱ्हायलास तर लोक इचारतील, कुठल्या सायबाचा कापून आणलास रं?" म्हणून मामा स्वतः पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे अंगठे कोरत. एका तबकात ते ओळीनं मांडलेले असत, गव्हापासून कोळशापर्यंत सगळ्या रंगांचे. कासार बांगडी जुळवतो तसे मामा गिऱ्हाइकाच्या हाताला अंगठा जुळवत.

मी तेव्हा बारा वर्षांची, दहिवलीहून शाळेला येणारी, आणि माझ्या मते कर्जत-खालापुरातली सर्वांत हुशार व्यक्ती. शिवाय गोरी. हे दुसरं मत आमच्या घरच्या आरशालाही मान्य नव्हतं. मी तबकातल्या सर्वांत उजळ अंगठ्याशेजारी आपला अंगठा धरी.

"त्यो तुमच्या शाळंतल्या मास्तरांचा रंग," मामा म्हणत. "तुझा हिकडं, नाचणीच्या भाकरीपाशी."

"असू द्या की वो," पडद्याआडून जनामामी म्हणत. "पोर गोरीच हाय."

मला तो अंगठा हवा होता. हात माझे कोरडे, बोटं चपळ. पण मामा देत नसत, कारण मला सगळं दिसे आणि दिसलं की मी ओरडे. एकदा पुण्याला निघालेला एक मोठा जादूगार दुकानात चेंडू गायब करत होता. मी पायरीवरून किंचाळले, "काखेत आहे!" त्याचा चेहरा असा पडला, की मामांनी त्याला स्वतः चहा पाजला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शेवंते, डोळा झकास हाय तुझा. पन जिभेला हाड नाय. तुला अंगठा नाय मिळायचा."

मला वाटे, डोकं नाही ते मामींना. मामा नवी करामत आधी त्यांना दाखवत. मामी हातातलं सूप खाली ठेवून बघत आणि रुमाल नाहीसा झाला की गालावर हात मारत, "अगो बाय! गेला कुठं?" तोच रुमाल, तोच अंगठा, आणि दर वेळी तेच "अगो बाय!"

एकदा मला राहवेना. मामा बाहेर गेल्यावर मी मामींना समजावलं, "अहो, रुमाल खोट्या अंगठ्यात असतो."

मामी खुदकन हसल्या. "त्या अंगठ्यान्ला रंग कोन देतं गं? हळद, गेरू, काजळ. मीच की."

"मग ओरडता कशाला?"

"त्यान्ला हुरूप येतो. नायतर हात कापतो त्यांचा."

एवढी मोठी गोष्ट ऐकूनही माझ्या डोक्यात काय आलं? तर, मामींनाही सगळं कळतं, म्हणजे हुशारीत मी एकटी नाही. वाईट वाटलं मला!

पुढच्या पावसाळ्यात मामी तापानं गेल्या. मामांनी दुकान उघडलं, पण हात बघायचं सोडलं. येईल त्याला मागेल ते देऊ लागले. एक दिवस घामानं चिंब हाताच्या एका माणसानं पत्ते घेतले, लपवलेला पत्ता बोटांतून ढळढळीत दिसत होता, आणि मामा 'दिसला' म्हणालेच नाहीत. स्टेशनावर बोलणं सुरू झालं, मामा आता खोली रिकामी करणार.

मी दुकानात गेले. "मामा, रुमालाचं दाखवा ना."

"बघितलाय की तू."

"परत दाखवा."

मामांनी लाल रुमाल घेतला, मुठीत कोंबला, फुंकर मारली. हात कापत होता. मूठ उघडली. अंगठ्याच्या कडेनं लाल टोक चांगलं बाहेर डोकावत होतं, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं. माझी जीभ दातांपर्यंत आली. मी ती चावली, गालावर हात मारला आणि म्हणाले, "अगो बाय! गेला कुठं?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. बोटानं टोक हळूच आत सारलं.

"दिसला नाय?"

"नाय."

"खरंच नाय?"

"नाय म्हणते ना!"

"लबाड कार्टी," मामा म्हणाले आणि पंच्यानं डोळे पुसले. मग एकदम कडक आवाज. "हात दाखव."

मी दाखवला. तळवा, नखं, पेरं, सगळं उलटसुलट झालं. "नखं वाढलीत. उद्या कापून ये." आणि ते पडद्यामागं गेले. तांदळाच्या डब्यातून त्यांनी एक चिंधी काढून आणली. चिंधीत अंगठा होता, लहानसा.

"हिनं तवाच रंगवून ठिवलेला. म्हनाली, पोरीची जीभ ताब्यात आली का द्या."

मी घालून बघितला. बरोब्बर बसला. पण मामांनी उजेडात धरून भुवया आवळल्या. माझा हात नाचणीचा आणि अंगठा गव्हाचा.

"रंग चुकला हिचा. कधी चुकायची नाय. आन हिकडं, काजळ घालून देतो."

"नको," मी हात पाठीमागं नेला. "बरोबर आहे."